कालिनाचे निधनपत्रक

गोर्ना रेका नगरपालिकेच्या चौदा संगणकांवर पाच वर्षे इमानाने राबलेल्या मुक्त संगणकप्रणालीच्या 'कालिना' नामक आवृत्तीचे सुरक्षा-पाठबळ शुक्रवारी दुपारी बारा वाजता संपुष्टात येणार होते. तदनंतर तिच्यातील छिद्रे बुजविणारे जगात कोणी उरणार नव्हते आणि जिल्हा कार्यालय अशा संगणकांची जोडणी तत्काळ तोडणार होते. नवी आवृत्ती वेळेत चढली, तरच देखभाल करणाऱ्या तिहोमिरला, म्हणजे सर्वांच्या तिशोला, शनिवारपासून समुद्रावर जाण्याची रजा मिळणार होती.

त्याने तीन परिपत्रके काढली. ती कोणी वाचली नाहीत. संगणक मागावयास जावे, तर उत्तर ठरलेले, "थांब रे तिशो, आत्ता हातात काम आहे."

गावातील लोक एकच कागद आवर्जून वाचतात, दारांवर व खांबांवर चिकटवलेले निधनपत्रक, हे अखेरीस त्याच्या ध्यानी आले. सबब गुरुवारी त्याने काळ्या चौकटीत छापून दारावर लावले: 'आमची लाडकी कालिना, वय वर्षे पाच, शुक्रवारी मध्यान्ही आपणांस सोडून जात आहे. संगणक रिकामे करून खोली क्रमांक चारमध्ये कळवावे.'

शुक्रवारी दहा वाजता जन्मनोंदणीच्या ग्रोझ्दांकाताई त्याच्या खोलीत आल्या. हाती मृताच्या नावे वाटावयाचे, साखर पेरलेल्या उकडलेल्या गव्हाचे पातेले, आणि मृतांना सम संख्येनेच वाहतात म्हणून मोजून सहा फुले.

"ताई, अहो ती संगणकप्रणाली आहे!"

"ठाऊक आहे. मला काय खुळी समजतोस? पण निधनपत्रक लावलंस ना? मग रिकाम्या हातानं कशी येऊ?"

पाठोपाठ करविभागाचे स्तामेनकाका रकियाची, म्हणजे फळांच्या कडक दारूची, बाटली घेऊन अवतरले. "गुणी होती बिचारी. मंगळवारी तेवढी अडकली."

"गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का, काका!" ताईंनी दटावले.

"पण अजून बारा कुठे वाजलेत?" तिहोमिर कळवळला.

"मग जिवंतपणीच पिऊ. नशीब काढलं तिनं." काकांनी बाटली उघडली.

साडेदहापर्यंत अवघी नगरपालिका त्या खोलीत दाटली. रिवाजानुसार प्रत्येकाने पहिला घोट जमिनीवर सांडला, आणि तिहोमिर तारा उचलून धरीत धावला. इतक्यात नगराध्यक्ष वेल्को यांनी भाषण आरंभिले. त्यांचे भाषण तासाखाली आटोपत नाही, हे सर्वश्रुत होते. रजा बुडाली, या विचाराने तिहोमिर दाराशी मटकन बसला. तेथून त्याची दृष्टी समोरच्या कचेऱ्यांकडे गेली.

पाच वर्षांत प्रथमच साऱ्या खुर्च्या रिकाम्या होत्या!

तो निमूटपणे सटकला. एकामागून एक चौदाही यंत्रांवर नवी आवृत्ती चढवून बाराला पाच मिनिटे कमी असता घामाघूम परतला, तेव्हा नगराध्यक्ष डोळे पुसत होते.

"झालं साहेब! सगळीकडे नवी आवृत्ती बसली. रजेच्या अर्जावर एवढी सही द्या."

नगराध्यक्षांनी लेखणी उघडली. ग्रोझ्दांकाताईंनी त्यांचा हात धरला.

"समुद्रावर? अरे, निधनपत्रक तू लावलंस, म्हणजे घरचा माणूस तू! सुतकाचे चाळीस दिवस व्हायच्या आत पोहायला निघालास?"

"दुसरी आणून बसवलीसुद्धा!" स्तामेनकाका उद्गारले.

नगराध्यक्षांनी अर्ज हळुवारपणे घडी करून खिशात ठेवला.

"बरोबर आहे तिशो. चाळिसाव्या दिवशी मी परत बोलेन. तेव्हा मात्र थोडं सविस्तर."