दोन थेंब पाणी

अठरा वर्षं पिंपात मुरलेली व्हिस्की तोंडात घेऊन, डोळे मिटून, या गालातून त्या गालात खुळखुळवून जो माणूस ती पितळेच्या पिकदाणीत थुंकून टाकतो, तो कोल्हापुरात जिवंत कसा राहिला हे मला आजही कळलेलं नाही. या गावात तांबड्या रश्श्याची वाटी अर्धी ठेवून उठलेल्या पाहुण्याला तीन पिढ्या विसरत नाहीत. आणि इथं रंगरावदादा इंगवले दर रविवारी सकाळी अकरा वाजता, शुक्रवार पेठेतल्या आपल्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून, चारचौघांच्या देखत थुंकत असत. पहिल्यांदा हे दृश्य पाहिलं तेव्हा आमच्या गल्लीतला एक माजी पैलवान भिंतीकडं तोंड करून रडला. खांदा निखळला तेव्हा ज्यानं हूं की चूं केलं नव्हतं, तो हा माणूस. रुमाल मीच दिला होता.

"पोटात गेली की ती बोलाय लागती," दादा त्याला समजावत होते. "मग आपल्याला काय बोलायचं ऱ्हातंय? मला तिचं म्हणणं शुद्धीत ऐकायचंय."

दादांची सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, लॅबमध्ये गेली. मळीपासून निघालेलं कच्चं स्पिरिट तपासायचं आणि सही करायची. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच हुरहूर लागली. "जन्मभर तान्ही बाळं बघितली, मास्तर. त्यातलं एक तरी मोठं झाल्यालं बघाय नको?" म्हणून मग मुरलेल्या व्हिस्क्या आणि जुन्या रम. गल्लीत कुणाचा जावई परदेशातून आला की बाटली आधी दादांकडं जायची, जावई नंतर घरी.

मास्तर म्हणजे मी. त्यांचा शेजारी. शाळेत चित्रकला शिकवायचो. माझं अक्षर वळणदार, म्हणून दादांची मतं एका जाड वहीत उतरवायचं काम माझ्याकडं आलं. दादा बोलायचे, मग म्हणायचे, "लिव्हा मास्तर." मी लिहायचो, त्या पानाचा फोटो काढायचो आणि 'मुरलेली मंडळी' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचो. ग्रुपचे ॲडमिन अर्थातच दादा.

सोप्याचे नियम कडक होते. अत्तर लावून यायचं नाही. तंबाखू दारातच थुंकायची. आणि रविवारी अकराच्या आत मिसळ खाल्लेल्या माणसाला उंबरा ओलांडायची बंदी! कोल्हापुरात हा नियम करायला वाघाचं काळीज लागतं. "तर्री जिभेवर बसली की व्हिस्की काय आन रॉकेल काय," दादा म्हणायचे. ते दारात उभे राहून एकेकाचं तोंड हुंगायचे. मिसळ खाऊन वर बडीशेप चघळून आलेले दोन वकील मी स्वतः परत जाताना पाहिलेत.

ग्लास हातात आला की घाई नाही. "ती अठरा वर्षं थांबलीया. तुमाला अठरा मिन्टं थांबवंना व्हय?" माणसांनाही तोच हिशेब. गल्लीत एखाद्या पोरीला स्थळ आलं की बाप दादांना घेऊन जायचा. दादा मुलाकडं एकदा बघायचे, चहा प्यायचे आणि परतीच्या वाटेवर सांगायचे, "बरा हाय. पर अजून चार वर्सं पिंपात पायजे हुता."

आणि ती मतं! परदेशी लोक काय लिहितात, शंभरात किती गुण देतात, ते मी मोबाईलवर वाचलंय. त्यांना कुठली कुठली फळं आठवतात. दादांचं तसं नव्हतं. "पयल्या वासाला नवी चप्पल. कापशीची, अजून तेल न दावल्याली. मागनं तालमीतली माती, हळद-ताक घातल्याली. शेवट लांबडा, रंकाळ्याला एक चक्कर हुतीय." हे वाचून हातकणंगल्याचा एक पेट्रोलपंपवाला म्हणे ग्लास हातात घेऊन खरंच रंकाळ्याला चक्कर मारून आला, आणि चव टिकली म्हणून तिथूनच दादांना फोन लावला.

एक रीत मात्र कुणाला कधी मोडता आली नाही. पहिला घोट चाखून थुंकला की दादा उठायचे. "दोन थेंब पाणी सोडून आणतो," म्हणायचे आणि ग्लास घेऊन स्वयंपाकघरात जायचे. मधलं दार लोटून घ्यायचे. दोन मिनिटांनी बाहेर यायचे, आणि मत द्यायचे ते त्यानंतरच. त्या पाण्याबद्दल गावात काय काय बोललं जायचं! कुणी म्हणायचं, पन्हाळ्यावरच्या कुठल्याशा झऱ्याचं आहे. पेठ वडगावचा संभाजी बोडके, ट्रकांचा धंदा असलेला आडदांड गडी, यानं तर एकदा कॅन आणला होता. "दादा, पाच लिटर द्या की. सासऱ्याच्या व्हिस्कीत घालून बघतो."

"ते बाटलीत ऱ्हात न्हाय, पावणं," दादा म्हणाले.

शालनवहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, बाहेर फारशा यायच्या नाहीत. तासाभरानं पोह्यांची ताटं घेऊन येत आणि नाकाला पदर न लावता पिकदाणी उचलून नेत.

गेल्या पावसाळ्यात वहिनींना ताप आला. पंधरा दिवस अंथरुणावर होत्या. उठल्या, हिंडू-फिरू लागल्या, आणि त्यानंतरच दादांची मतं घसरायला लागली.

पहिल्या रविवारी काळी जुनी रम होती. दादा पाणी सोडून आले आणि म्हणाले, "काकवी." ठीक, रमला काकवी शोभते. पुढच्या रविवारी कुणाच्या तरी जावयानं आणलेली व्हिस्की. "काकवी. वर जायफळ." तिसऱ्या रविवारी एक धुरकट व्हिस्की आली. काही व्हिस्क्यांचं धान्यच धुरावर वाळवतात, त्यातली. बूच काढल्याबरोबर पलीकडच्या घरातून माझ्या बायकोनं हाक मारली, "अहो, कुठं काय जळतंय बघा!" दादा आत गेले, बाहेर आले. "ताजी काकवी. लिव्हा मास्तर."

मी लिहिलं. पण फोटो टाकताना अंगठा दोन मिनिटं हवेतच राहिला.

ग्रुपवर हलकल्लोळ उडाला. बोडकेनं लिहिलं, "दादांच्या नळाला पाण्याऐवजी काकवी येती काय?" त्याखाली दीडशे हसरी तोंडं. ज्याच्या एका शब्दावर लोक बाटल्या परत करायचे, त्याच्या मताचे आता विनोद फिरायला लागले. मला वाटलं, वयोमानानं दादांची जीभ गेली.

एका मंगळवारी मी विरजण मागायला त्यांच्या मागच्या दारानं गेलो. दार उघडं होतं. ओट्यापाशी वहिनी डोळे मिटून उभ्या होत्या आणि दादांनी ग्लास त्यांच्या नाकाखाली धरला होता.

"सावकाश," दादा हळू आवाजात म्हणत होते. "घाई न्हाय."

वहिनींनी दीर्घ श्वास घेतला. कपाळाला आठ्या पडल्या. "काकवी," त्या म्हणाल्या. "व्हय न्हवं? काकवीच की."

त्यांच्या मागं गॅसवर आमटी करपून कोळसा झाली होती. मला दारात ठसका लागायची वेळ आलेली. वहिनींना काहीच नव्हतं. दादांनी ग्लास तसाच धरून दुसरा हात लांब केला, आवाज न करता गॅस बंद केला आणि खिडकी उघडली. "एकदम बराबर," ते म्हणाले.

मी आल्या पावली मागं फिरलो. पण दादांनी मला पाहिलं होतं. ते माझ्यामागं बोळात आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"तिचा बाप गुळव्या हुता," ते म्हणाले. "गुऱ्हाळावर गूळ झाला का न्हाय ते उकळत्या काहिलीच्या वासावरनं सांगायचा. ही सात वर्साची असल्यापासनं त्याच्याबरोबर उभी. डोळं मिटून. बाप म्हणायचा, डोळं उघडं ठिवलं की डोळंच बोलत्यात, नाक गप बसतंय. मास्तर, लॅबातला नमुना मी खिशात घालून घरी आणायचो. ही वास घ्यायची आन सांगायची. साहेब म्हणायचा, इंगवल्याचं नाक सोन्याचं हाय. इंगवल्याला नाकच नव्हतं! मिसळ वळखण्यापुरतं, बस्स. माझी नुसती जीभ. ती मला गोड, कडू, जळजळ सांगती. बाकी चप्पल, माती, हळद... सगळं तिचं."

"आणि आता?"

"तापात गेलं. तिनं मला सांगितलं न्हाय. आठवंल ते सांगती. लहानपणीचं तेवढं आठवतंय."

"पण दादा, धूर तुम्हालाही कळला असेल की."

"घशाला कळतोय न्हवं. पोरालाबी कळंल." त्यांनी मान खाली घातली. "तिनं एकदा 'येत न्हाय' म्हटलं की संपलं, मास्तर. जवर म्हणत न्हाय, तवर हाय. चाळीस वर्सं तिच्या नाकावर मी शाणा झालो. आता तिच्यापायी थोडं येडं व्हायला काय झालं?"

त्यानंतरच्या रविवारी बोडके पाच माणसं घेऊन आला. हातात लेबल खरवडून काढलेली बाटली. सोप्यात बसल्या बसल्या त्यानं जाहीर केलं, "दादा, राग नको. आज बराबर सांगितलंसा तर मी ग्रुपवर माफी मागतो. चुकलासा तर ॲडमिनपण सोडायचं आन वही मिटवायची. हाय कबूल?"

"हाय," दादा म्हणाले.

बूच निघालं आणि सोपा धुरानं भरला. खोटं सांगत नाही, भिंतीवरच्या पालीनं जागा बदलली. दादांनी घोट घेतला, खुळखुळवला, थुंकला. डोळे उघडले तेव्हा मला स्पष्ट दिसलं, त्यांना कळलं होतं. नुसतं 'धूर' म्हटलं असतं तरी बोडकेचं तोंड बंद झालं असतं.

मी म्हणालो, "दादा, आज पाणी राहू द्या. इथंच सांगा की."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी वहीत डोकं घातलं. "पाण्याबिगर मी कवा सांगितलंय?" म्हणाले, आणि आत गेले. दार लोटलं.

ती दोन मिनिटं मला अठरा वर्षांसारखी गेली. मी देवाला म्हणालो, आज एकदा, एकदाच त्या बाईला धूर लागू दे.

दादा बाहेर आले. खुर्चीत ताठ बसले. "काकवी," ते म्हणाले. "काहिलीतनं नुकती काढल्याली. वर जायफळ. लिव्हा मास्तर."

बोडके मांडीवर थाप मारून ओरडला, "आवं दादा, घरभर धूर सुटलाय धूर! काकवी कुठली?" पाचही जण खिदळले. कोल्हापुरी माणूस हसला की ते पार बिंदू चौकात ऐकू जातं. मधल्या दारामागं कुणी ऐकत असेल तर तिला ऐकू न येणं शक्यच नव्हतं.

दादांनी खिशातून मोबाईल काढला आणि माझ्या हातात दिला. "मला ते जमत न्हाय. बोडक्याला ॲडमिन करा आन मला काढा." मी केलं. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात वाईट काम.

मंडळी गेल्यावर वहिनी पोहे घेऊन आल्या. तीन ताटं. "बराबर आलं का?" त्यांनी विचारलं.

"एकदम," दादा म्हणाले. "बोडक्या बघतच ऱ्हायला."

ग्रुप गेला, माणसं गेली, बाटल्या यायच्या बंद झाल्या. वही मात्र दादांनी मिटवली नाही. कबूल केलेला शब्द त्यांनी आयुष्यात मोडला तो एवढाच. रविवारी अकराला मी आपला जायचो, मिसळ न खाता. कपाटातली जुनी एखादी बाटली निघायची. मी 'काकवी' लिहायचो. ओळीनं सहा पानं.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली. त्या रविवारी मी गेलो तर दादा घरात नव्हते. अकराला दोन मिनिटं कमी असताना स्कूटरवरून आले. बुटांना चिखल, सदऱ्याला चिपाडाचा भुसा, हातात थर्मास. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गुऱ्हाळावरून आले होते. त्यांनी बाटली काढलीच नाही. व्हिस्कीचा तोच ग्लास घेतला आणि थर्मासमधून त्यात गरम काकवी ओतली. एक घोट घेतला. पिकदाणीकडं हात गेला, आणि परत आला. त्यांनी तो गिळला.

"दोन थेंब पाणी सोडून आणतो," ते मला म्हणाले. पण दार लोटून घेतलं नाही.

वहिनींनी सवयीनं डोळे मिटले. दादांनी ग्लास धरला. वाफ वहिनींच्या चेहऱ्यावर आली.

"काकवी," त्या म्हणाल्या. मग, "गरम लागतंय की." त्यांनी डोळे उघडले. ग्लासाकडं पाहिलं, दादांच्या बुटांवरच्या चिखलाकडं पाहिलं.

"त्या दिवशी धूर हुता न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं.

"असंल," दादा म्हणाले. "मला काकवीच लागली."

वहिनींनी ग्लास त्यांच्या हातून घेतला आणि दोन्ही हातांत तसाच धरून ठेवला, निवेपर्यंत. दादा मान न वळवता मला म्हणाले,

"लिव्हा मास्तर. शंभरात शंभर."