कोर्टाची दाढ

दातांचे डॉक्टर सायकल पोलोची आणखी एक स्पर्धा हरून घरी आले, तेव्हा त्यांचे दोन्ही गुडघे सोलवटलेले होते आणि तोंड मात्र शाबूत होतं. बूट काढता काढताच त्यांनी सुरुवात केली.

"कोर्टच तसलं होतं."

बायकोने मान डोलावली. हे वाक्य तिला पाठ होतं. कुठल्या कोर्टाला भेगा होत्या, कुठल्याला उतार होता, कुठे सिमेंट इतकं गुळगुळीत की सायकल ताब्यात राहत नाही, तर कुठे इतकं खरबरीत की चेंडू पुढे जायला तयार नाही. डॉक्टरांचा संघ समोरच्या संघाकडून असा कधी हरलाच नव्हता. दर वेळी त्यांना जमिनीने हरवलं होतं.

"त्या फळीचंही तसंच आहे," ती शांतपणे म्हणाली.

बैठकीच्या खोलीतली ती फळी डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने ठोकली होती. तिच्यावर काहीही ठेवलं की ते हळूहळू डावीकडे सरकत जाऊन खाली उडी घेई. डॉक्टरांच्या मते त्यात फळीचा काही दोष नव्हता, भिंतच वाकडी होती.

सायकल पोलोत दोन्हीकडे तीन-तीन जण असतात, आणि सगळे सायकलवर. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात लांब दांड्याची मोगरी, आणि तिने चेंडू गोलात ढकलायचा. पाय जमिनीला टेकला की कडेला टांगलेली घंटा वाजवून यायचं, तोवर चेंडूला शिवायचं नाही. डॉक्टरांच्या संघाचे पाय इतके टेकत, की लांबून ऐकणाऱ्याला कुठेतरी शाळा सुटली असं वाटे.

संघात डॉक्टरांखेरीज एक प्लंबर आणि एक भूगोलाचे मास्तर होते. खेळायचं तिघांनी आणि तक्रार करायची डॉक्टरांनी, अशी त्यांची वाटणी होती. शेवटी या तक्रारींना कंटाळून संघटनेच्या लोकांनी डोकं लढवलं. यंदाची स्पर्धा तुमच्याच कोर्टावर घेऊ, ते तयारही तुम्हीच करा, कोर्ट समितीचे प्रमुख तुम्ही, आणि जमिनीवरून वाद झाला तर शेवटचा शब्दही तुमचाच, असं त्यांनी डॉक्टरांना कळवून टाकलं.

डॉक्टरांनी ही बातमी घरी मोठ्या ऐटीत सांगितली.

"छान झालं," बायको म्हणाली. "म्हणजे यंदा हरलात तर बोलायला काही उरणार नाही."

डॉक्टरांचा चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. ही बाजू त्यांच्या ध्यानातच आली नव्हती.

त्या दिवसापासून त्यांनी कोर्टाचा ध्यास घेतला. कोर्ट म्हणजे एका जुन्या गोदामामागची सिमेंटची जमीन. तिच्यावरचे उंचवटे घासायला त्यांनी यंत्र भाड्याने आणलं. त्याने इतकी धूळ उडाली की शेजारच्या लाँड्रीतले पांढरे कपडे राखाडी झाले आणि लाँड्रीवाली बाई कमरेला पदर खोचून भांडायला आली. धूळ बसवायला प्लंबरने पाइप लावून पाणी मारलं. पाणी मारल्यावर धुळीखाली लपलेल्या भेगा उघड्या पडल्या. मास्तरांनी भेगांत सिमेंट भरलं, पण भूगोलाची सवय म्हणून की काय, प्रत्येक भेगेच्या जागी एक डोंगररांग उभी राहिली. ती घासायला पुन्हा यंत्र, पुन्हा धूळ आणि पुन्हा लाँड्रीवाली.

असं होता होता एक दिवस डॉक्टरांनी कोर्टाच्या मधोमध चेंडू ठेवला आणि तो ठेवल्या जागी राहिला. तिघेही बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे होते. डॉक्टरांना भरून आलं. आपल्या हातून एखादी गोष्ट सरळ होऊ शकते हा अनुभव त्यांना नवा होता. त्या आनंदात सराव करायचा राहून गेला, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी डॉक्टर कोर्टावर प्रेमाने हात फिरवत होते, तेव्हा ऐन गोलासमोर त्यांचं बोट एका खड्ड्यात गेलं. खड्डा कसला, वाटाण्याएवढं भोक. दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं, पण लोकांच्या दातांतली कीड हुडकण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला ते विहिरीएवढं दिसलं. सिमेंट वाळायला वेळ नव्हता. डॉक्टर तडक दवाखान्यात गेले आणि दात भरायचं सामान घेऊन आले. प्लंबरने गोदामातून वायर ओढून दिली. डॉक्टर पालथे पडले, खड्डा कोरून साफ केला, त्यात मसाला दाबून भरला आणि निळ्या दिव्याचा झोत टाकून तो पक्का केला.

"दोन तास इकडून काही चावायचं नाही," ते सवयीने बोलून गेले आणि मग सावरून म्हणाले, "म्हणजे, इकडून कुणी सायकल घालायची नाही."

"टिकेल ना, डॉक्टर?" प्लंबर म्हणाला. "आत्ताच पाणी मारलंय मी तिथं. आत ओल असेल."

"माझं फिलिंग आहे ते. गावात कुणालाही विचार."

विचारायला फार लांब जावं लागणार नव्हतं. दुपारी जमलेल्या प्रेक्षकांत निम्मे लोक डॉक्टरांचेच पेशंट होते. पंचांची डावी दाढसुद्धा त्यांनीच नुकती भरली होती.

बाहेरून आलेले खेळाडू कोर्टावर एक चक्कर मारून हरखून गेले. असं कोर्ट बघितलं नव्हतं, असं जो तो म्हणायला लागला. प्रत्येक कौतुकासरशी डॉक्टरांना आपली पळवाट बंद होताना दिसत होती. पण नशीब जोरावर होतं. एका संघाची गाडी वाटेत बंद पडली, दुसऱ्या संघाच्या सायकली ऐन वेळी पंक्चर झाल्या, आणि बघता बघता डॉक्टरांचा संघ चक्क अंतिम सामन्यात जाऊन पोचला. तिथेही कशीबशी बरोबरी झाली. आता जो पुढचा गोल करेल तो जिंकणार होता.

आणि चेंडू डॉक्टरांकडे आला. पुढे कुणी नव्हतं, गोल मोकळा होता. बायको खुर्चीतून उठून उभी राहिली. डॉक्टरांनी मोगरी उगारली, तेवढ्यात पुढच्या चाकाला हिसका बसला. डॉक्टर एकीकडे आणि मोगरी दुसरीकडे गेली, सायकल त्यांच्या अंगावर आली आणि चेंडू समोरच्या संघाला मिळाला. त्यांनी तो निवांतपणे पलीकडच्या गोलात नेऊन घातला.

डॉक्टरांच्या वतीने प्लंबरने हात वर केला. "पंच, कोर्टामुळे पडले ते."

पंच आले. जमिनीत दोष निघाला तर गोल रद्द आणि खेळ पुन्हा, असा नियम होता. दोष आहे की नाही ते समितीच्या प्रमुखांनी सांगायचं होतं, आणि प्रमुख सायकलखाली होते.

डॉक्टरांनी डोळे उघडले. नाकासमोर त्यांचं पांढरंशुभ्र फिलिंग पडलं होतं आणि त्याच्या पलीकडे खड्डा आ वासून होता. आजवरच्या सगळ्या स्पर्धांत पहिल्यांदाच ते खरोखर कोर्टामुळे पडले होते. पुरावा समोर होता. नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं.

"काही निखळलं का हो तिथं, डॉक्टर?" पंचांनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांची जीभ आतल्या आत डाव्या दाढेवरून फिरली. मागे अख्खी खुर्च्यांची रांग मान उंचावून बघत होती. त्यातल्या एकीने गालाला हात लावला.

खेळता येत नाही म्हणावं तर अब्रू जात होती, आणि फिलिंग निघालं म्हणावं तर दवाखाना. डॉक्टरांनी फिलिंग मुठीत घेतलं, सायकल बाजूला सारली आणि ते खड्ड्यावर मांडी घालून बसले.

"कोर्टात काही दोष नाही," ते म्हणाले. "मलाच खेळता येत नाही."

मास्तरांच्या हातून मोगरी गळून पडली. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि गोदामामागचं सगळं आवार दणाणून गेलं. जिंकलेल्या संघाच्या कप्तानाने त्यांना उठवायला हात पुढे केला, पण डॉक्टर जागचे हलेनात. जरा बसू दे, बरं वाटतंय, असं ते म्हणत राहिले. शेवटी बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांनाच त्यांच्याजवळ यावं लागलं. खिलाडूवृत्तीसाठी म्हणून एक जादा कप त्यांना बसल्या जागी देण्यात आला. लोक पांगल्यावरच ते उठले.

घरी बायकोने जर्सी धुवायला घेतली आणि सवयीने खिसा चाचपला. हाताला लागलेला पांढरा तुकडा तिने उजेडात धरून पाहिला. दातांच्या डॉक्टरशी संसार केलेल्या बाईला तो काय आहे हे सांगावं लागत नाही.

"तुम्ही एवढं खरं बोललात म्हणून डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या," ती म्हणाली.

"त्यातलं अर्धं खरं होतं."

"कुठलं अर्धं?"

डॉक्टरांनी आजूबाजूला बघितलं. इथे ना पंच होते ना पेशंट. खोटं बोलून काही मिळणार नव्हतं आणि खरं बोलून काही वाचणार नव्हतं.

"खेळता येत नाही, ते," ते हळूच म्हणाले.

बायको हसली. तिने कप उचलून फळीवर ठेवला. कप नेहमीप्रमाणे डावीकडे सरकायला लागला. तिने तो धरला, त्याच्या डाव्या कडेखाली तो पांढरा तुकडा सरकवला आणि हात काढून घेतला. कप हलला नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "इथं तरी टिकेल."