पेडगावचा मुका टीव्ही

दिनकररावांच्या टीव्हीचा आवाज गेला तो ऐन रविवारी सकाळी, मालिका सुरू होता होता. चित्र अगदी स्वच्छ होतं. पडद्यावरची सून रडत होती, सासू हातवारे करत होती, आणि ऐकू येत होती ती फक्त अंगणातली शेळी. दिनकररावांनी टीव्हीच्या पाठीत आधी हळू, मग जोरात थापट्या मारल्या. त्यानं चित्रही थरथरलं, तेव्हा घाबरून त्यांनी हात आवरला.

मालिका बघायला ओसरीत जमलेल्या बायांची चुळबुळ सुरू झाली. विळे-खुरपी दाराशी ठेवून, भाकरीची फडकी मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. मालिका संपली की इथूनच शेताला निघायचं, म्हणून रविवारी पेडगावातलं खुरपण जरा उशिरानंच सुरू होई. आता त्या उठल्या असत्या तर पुढच्या रविवारपर्यंत या घरात माणसाचा आवाज निघणार नव्हता. बायको कमलबाई गेल्यापासून असंच होतं. आईच्या वर्षश्राद्धाला पुण्याहून आलेला मुलगा बापाला करमावं म्हणून टीव्ही बसवून, पत्र्यावर अँटेना उभारून लगेचच्या गाडीनं परत गेला होता. एरवी दिनकरराव बातम्या सांगणाऱ्या बाईनं नमस्कार केला की उलट नमस्कार करत. तेवढंच काय ते दिवसाचं बोलणं.

"बसा, बसा. मी सांगतो ना काय बोलतेत ते," ते घाईनं म्हणाले.

त्यांची उभी हयात तहसिलीत दुसऱ्यांचे अर्ज वाचून दाखवण्यात गेलेली. त्यांनी घसा खाकरला आणि सुनेच्या वतीनं सुरुवात केली. आपण माझे देव आहात, मी आपल्या पायाची धूळ, माझ्या डोळ्यांतल्या आसवांची शपथ, असं बरंच काही ते बोलत राहिले.

कमलबाईंची मैत्रीण कडूबाई अगदी पुढं बसली होती. तिनं डोळे बारीक केले. "भावजी, तिचं तोंड तर कवाचं मिटलंय. तुमीच बोलायलाव."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. दिनकरराव ओशाळले. तेवढ्यात पडद्यावरचा नवरा ताटावर येऊन बसला, तशी कडूबाई म्हणाली, सुनेचं मीच बोलते. आणि बोललीही.

"भाकर दुरडीत हाय, कोरड्यास चुलीवर हाय. घ्या वाढून. मला खुरपायला जायचंय."

पडद्यावरचा नवरा नेमका त्याच वेळी ताटावरून उठला. बाया अशा हसल्या की शेळीनं दारातून आत डोकं घातलं.

मग वाटण्या झाल्या. सासू केवळाबाईनं घेतली. केस कापलेली, ऑफिसात जाणारी, घर फोडायला टपलेली नणंद भिवराबाईनं मागून घेतली. "कामाला जाती म्हणून ती वंगाळ काहून? मग आमी समद्या वंगाळच की," असं विचारून तिनं त्या नणंदेला असं काही बोलतं केलं की ती घरातली सगळ्यात शहाणी ठरली. नवरा कुणालाच नको होता. तो दिनकररावांच्या वाट्याला आला. दर रविवारी त्यांना समोरासमोर विचारलं जाऊ लागलं, की पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं घेतला तर बोटं झडतात काय, आणि बाईनं रडायचंच एवढं काय घडलंय. कुणीतरी आपल्याला विचारतंय, याचंच त्यांना मनापासून बरं वाटे. बाया वाढल्या, ओसरी भरली.

तरी माणूस सरळ. लोक येतात तर त्यांना आवाज मिळायला हवा, म्हणून ते परभणीला गेले. त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बाजार बंद होता. पुन्हा गेले आणि सूर्यभान मेकॅनिकला एसटीत शेजारी बसवून घेऊन आले. सुटलेली एक तार होती, त्यानं जोडून दिली.

रविवारी टीव्ही खणखणीत बोलला. सून खऱ्या आवाजात रडली, नणंद खऱ्या आवाजात खोटं बोलली. भिवराबाईनं जांभई दिली. मालिका संपायच्या आत निम्म्या जणी विळे उचलून वाटेला लागल्या होत्या.

पुढच्या रविवारी त्यांनी चेहरा पाडून जाहीर केलं, की आवाज पुन्हा गेलाय, मेकॅनिकला काही जमत नाही बघा. आवाजाचं बटण त्यांनी स्वतःच पार खाली पिळून ठेवलं होतं.

त्या दिवशी सून ट्रंक घेऊन घराबाहेर पडत होती. नवरा दारात उभा होता, त्याचे ओठ हलले. दिनकररावांनी मान खाली घातली आणि त्याच्या वतीनं बोलू लागले.

"जाऊ नको. तुला कधी म्हणालो न्हाई, जेवलीस का म्हणून. तू गेल्यावर समजलं, घरात आवाज होता तो तुझाच होता. मला साधा चहा जमत न्हाई गं. एवढ्या दिवसांत कुणी मला रागावलं सुद्धा न्हाई."

ओसरीत कुणी हसलं नाही. दिनकररावांनी मान वर केली. पडद्यावर ना दार होतं ना नवरा. साबणाची जाहिरात लागली होती. एक बाई पांढराशुभ्र सदरा हातात धरून नाचत होती, आणि ते तिच्याशीच बोलत होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कडूबाईनं डोळ्याला पदर लावला. मग जाहिरातीतल्या बाईच्या वतीनं ती सावकाश म्हणाली, "न्हाई जात. पर आदी तो अंगावरचा सदरा धुवा. पोशाख हाय का पोतं?"

बाया गेल्यावर दिनकररावांनी मोरीत बसून आयुष्यात पहिल्यांदा सदरा धुतला. नीळ किती घालायची ते विचारायला घरात कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी पुडीच रिकामी केली.

पुढच्या रविवारी ते आकाशी सदऱ्यात टीव्हीशेजारी ताठ बसले. बायांनी सदऱ्याकडं पाहिलं, पण त्यावर एक अक्षर काढलं नाही. आवाजाचंही कुणी विचारलं नाही. माहेरी गेलेली सून खाटेवर ढसाढसा रडत होती. कडूबाईनं तिच्या तोंडी वाक्य घातलं.

"नीळ जरा कमी घालत जावा."

"बरं," पडद्यावर नसलेल्या नवऱ्याच्या वतीनं दिनकरराव म्हणाले.