नकाराची रंगीत तालीम

योग्य वेळी नाही म्हणता येणं हाच सुसंस्कृत समाजाचा पाया आहे, असं सरकारी प्रशिक्षक बाईंनी सकाळी गंभीरपणे सांगितलं, तेव्हा बारमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. हा बार उघडल्यापासून तिथे कोणी कोणाला नाही म्हटलेलं नव्हतं.

नवा नियम सरळ होता. जबाबदारीने दारू देण्याचं प्रमाणपत्र असलेला एक तरी माणूस बारमध्ये हजर हवा, नाहीतर परवाना रद्द. मालक धास्तावला होता, कारण परीक्षेला बसला होता जुना वेटर, आणि तो पहिला ग्लास संपायच्या आत दुसरा आणून ठेवणारा.

परीक्षा अशी, की झिंगलेलं गिऱ्हाईक ओळखायचं, दारू नाकारायची, पाणी द्यायचं, गाडीची किल्ली काढून घ्यायची आणि घरी फोन करायचा. गिऱ्हाईक म्हणून मालकाने आपल्या मेहुण्यांना बोलावलं. मेहुणे विमा कचेरीत कारकून. हौशी नाटकांत त्यांनी जन्मभर पत्र आणून देणाऱ्या शिपायाची कामं केली होती. त्यांना व्हिस्की म्हणून द्यायला मालकाने एका बाटलीत कोरा चहा भरून काउंटरवर, पेग भरणाऱ्या नोकरापुढे ठेवला.

मेहुणे दारातून आत आले आणि बार स्तब्ध झाला. एक पाय पुढे टाकल्यावर दुसरा कुठे ठेवावा, याबद्दल ते खांबाचा सल्ला घेत होते. त्यांनी खुर्चीला नमस्कार केला आणि तिच्या शेजारी, जमिनीवर बसले. बाईंचं पेन हवेतच राहिलं. सगळी हयात बेवड्यांसाठी शेंगदाणे तळण्यात घालवलेल्या आचाऱ्याने नकळत हात जोडले.

मेहुण्यांनी व्हिस्की मागितली. वेटरने आणून दिली. बाईंनी पुन्हा सुरुवात करायला लावली. मेहुणे पुन्हा दारातून आले, पुन्हा मागितली, वेटरने पुन्हा दिली.

“अहो, तुम्हाला नाही म्हणायचंय ना?”

“म्हणणारच होतो, बाई. पण साहेब इतक्या आशेने बघत होते.”

असं बराच वेळ चाललं. शेवटी वेटरने डोळे मिटून “साहेब, आता पुरे,” असं म्हटलं, आणि मालकाने सुटकेचा निःश्वास सोडला. पुढचं सगळं सुरळीत झालं. पाणी आलं, किल्ली काढून घेतली गेली, मेहुण्यांच्या बायकोला, म्हणजे मालकाच्या ताईला, फोनही गेला.

आणि मग चमत्कार झाला. पाण्याचा पेला रिकामा होताच मेहुण्यांचा कणा ताठ झाला, जीभ मोकळी झाली. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि वेटरचे आभार मानले. बाईंनी त्यांना फरशीच्या रेघेवरून चालायला सांगितलं. ते असे चालले, की रेघ वाकडी वाटावी.

“इतकी वर्षं मी हे शिकवतेय,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “पण पाण्याने इतकं होतं, हे मलाही ठाऊक नव्हतं.” त्यांनी किल्ली स्वतःच्या हातांनी, आदराने परत केली.

तेवढ्यात ताई आल्या. मेहुणे उठले, खुर्ची पुढे ओढली. “या, बसा. दमला असाल.”

ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. “काय रे, किती पाजलीस यांना?”

बाईंनी समजावलं, की नियमांप्रमाणे झिंगल्याचं एकही लक्षण यांच्यात उरलेलं नाही.

“लग्नाला सव्वीस वर्षं झाली, बाई. शुद्धीत असताना हा माणूस खुर्ची ओढतो ती स्वतः बसायला.”

सगळ्यांनी काउंटरकडे पाहिलं. पेग भरणारा शांत होता. चहाच्या बाटलीचं बूच उघडलेलंही नव्हतं. गिऱ्हाईक मागेल तेच द्यायचं, तेही मोजून, असं सकाळी बाईंनीच शिकवलं होतं, असं तो म्हणाला. व्हिस्की खरी आहे, हे मेहुणे पहिल्याच घोटाला ओळखून चुकले होते. पण प्रवेश चालू असताना नट थांबत नाही, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं.

“गाडी मी चालवतो,” ते पुढे म्हणाले.

“नाही,” ताई म्हणाल्या. किल्ली पर्समध्ये गेली. पाण्याचा पेला पुढे आला.

 बाईंनी प्रमाणपत्रावरचं वेटरचं नाव खोडलं आणि ताईंचं लिहिलं.

परवाना वाचला. नियमाप्रमाणे ताई रोज संध्याकाळी गल्ल्याजवळ बसतात. गिऱ्हाईक येत नाही.