भाद्रपदात पाहिल्या गडाची हकीकत

श्री कुलदेवता प्रसन्न असो आणि ऐकणारांचे कान जागे असोत. शके सोळाशे एकोणऐंशी, ईश्वरनाम संवत्सरी, भाद्रपदमासी, एका राज्यी (नाव पुसो नये, पुसिल्यास सांगणार नाही) वर्तमान आले की गनीम उन्हाळ्यात फौजेनिशी उतरणार. तेव्हा महाराज चिंतावले आणि बोलिले, "आमचा मुलूख सपाट, बायकापोरे ठेवावी कोठे? एखादा बळकट गड पाहा." आणि हे काम कारभारी निंबाजीपंतांवर सोपविले. पंत हुशार खरे, परंतु त्या हुशारीचा भरवसा लोकांपेक्षा त्यांचा त्यांनाच अंमळ जास्त. मग शेजारील किल्लेदार मानकोजी नाईक यांनी सांगून पाठविले की, आमचा गड घ्यावा आणि बदल्यात नदीकाठची गावे आम्हांस द्यावी. पंत पाहावयास गेले. काय तो थाट! टाकी काठोकाठ भरलेली, कड्यावरून धबधबे कोसळताहेत, आणि नाईकांनी पुरणपोळीवर तूप ऐसे ओतिले की पंतांनी तटाच्या तीन बाजू पाहिल्या आणि चौथी जडावल्या पोटाने राहून गेली. त्या प्रांती रिवाज ऐसा की, तबकातला विडा उचलिला म्हणजे व्यवहार पुरा, मग ब्रह्मदेव आला तरी फिरणे नाही. आणि विड्याआधी यजमानास खोदून पुसणे म्हणजे त्याच्या अन्नास नावे ठेवणे. म्हणोन कोणी पुसतच नसे. विड्याचा मुहूर्त दसऱ्याचा ठरला आणि पंत मिशीस पीळ देत घरी आले.

घरी लेक द्वारका माहेरी आलेली, तिला दिवस गेलेले, वैशाखी बाळंत व्हावयाची. पंत जेवताना बोलिले, "हिलाही गडावरच ठेवू, निर्धास्त." तेव्हा त्यांचे कुटुंब चिमाबाई वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "अहो, हिचे स्थळ पाहिले तेव्हा आपण मुलाच्या मामाकडे गेलात, शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारिलेत, मुलगा लंगडतो की काय म्हणून त्यास विहिरीपर्यंत चालविलेत. आणि गड घेताना एकदा जेवून आलात? नाईक तो का देतात, हे तरी विचारिलेत?"

"ते... राहिले."

"आणि वैशाखात पाणी असते का?"

"अगो, टाकी या डोळ्यांनी पाहिली!"

"भाद्रपदात आपल्या परसातला खड्डाही भरलेला असतो."

पंतांनी घास परत पानात ठेविला आणि लेकीकडे पाहिले.

मग दसऱ्यास पंत गडावर गेले, ते विडा समोर येण्याआधीच "देवीचे दर्शन घेऊन येतो" म्हणोन उठिले आणि घरांच्या मागील अंगाने फिरो लागले. पाहतात तो प्रत्येक पडवीत पाणी वाहावयाची पखाल टांगलेली, कातडे तेल लावोन मऊ ठेविलेले. पंतांनी एका म्हातारीस पुसिले, "आजी, इतकी टाकी असता पखाली कशास?" ती बोलिली, "अवं, पानी होळीपतुर हाय. मंग खडकाच्या भेगंतनं समदं खाली जातंय. नदीवरनं बैलावर आणतो न्हवं का!" एकीच्या सांगण्यावर जावे कसे, म्हणोन पंत पायथ्याच्या गावी उतरिले आणि तेथे पुसिले. तेथील लोकही तेच बोलिले, उन्हाळाभर गडाचे बैल आमच्याच घाटावर. मग पंत धापा टाकीत वर आले, तबक समोर आले, आणि पंतांनी हात जोडिले, विडा घेतला नाही. नाईक लाल जाहले, "आमचे अन्न खाऊन आमचा अपमान?" पंत बोलिले, "नाईक, आपला राग मला सोसेल. लेक तहानेने तडफडलेली सोसणार नाही."

दरबारी हशा जाहला, "पंत भ्याले" म्हणोन. महाराज मात्र हसले नाहीत; पुसिले, "मग माणसे ठेवावी कोठे?" पंत म्हणाले, "एके ठायी सारी नकोत." आणि काही रानातल्या झऱ्यापाशी, काही नदीपार सोयऱ्यांकडे, काही जुन्या गढीत ऐशी वाटणी केली, आणि जेथे जात तेथे पुसत, येथे काय बिघडेल, आणि बिघडल्यास निघावे कोणत्या वाटेने? लोक कंटाळले, पंत कंटाळले नाहीत.

वैशाखात गनीम आला. नाईकांनी त्यासही पुरणपोळी वाढिली, विडा दिला, आणि गनीम मोठ्या डौलाने गडावर चढोन बसला. मग टाकी पाहिली, तळास चिखलदेखील नाही. घोडी जिभा काढून खाली उतरली तो नदीकाठची गावे आमची आणि घाटावर आमचे लोक हत्यारे घेऊन बसलेले. तेव्हा गनिमाने पांढरे निशाण धाडिले की, पाणी पिऊ द्या, आल्या वाटेने जातो. महाराजांनी शपथ घेवविली, पाणी दिले, आणि गनीम खरोखरच गेला. ही खबर नदीपार पोहोचली तेव्हा तेथे सोयऱ्यांकडे ठेविलेली द्वारका नुकती सुटली होती. कन्या जाहली, दोघी सुखरूप. पंतही तेथेच होते, त्यांनी खबर ऐकिली, मटकन ओसरीवर बसले आणि सर्वांदेखत ढसढसा रडले. चिमाबाई म्हणाली, "पुरे आता, उठा. नातीस पाहा."

येणेप्रमाणे घडले ते लिहिले. गड जेथे होता तेथेच आहे, नाईक अद्याप गिऱ्हाईक पाहतात. आमचे माणूस एकही गेले नाही.