जन्मतः: आहे / नाही

माणूस जन्माला येताना सोबत काय घेऊन येतो आणि काय इथे आल्यावर उचलतो, याचा कागदोपत्री निकाल लागल्याशिवाय कुठल्याही समाजाला सुखाने घास गिळता येत नाही. हा निकाल लावायला नेमलेल्या समितीत दोन विद्वान होते. एकाचं म्हणणं, देवावरची श्रद्धा आणि सदसद्विवेकबुद्धी ही नाका-कानांसारखी अंगचीच असतात. दुसऱ्याचं म्हणणं, मूल म्हणजे कोरी पाटी, लिहाल ते उमटेल. नऊ वर्षं दोघे रोज भांडले आणि रोज एकाच गाडीतून घरी गेले. अखेर असं ठरलं, की मोठ्या माणसांना विचारण्यात अर्थ नाही, कारण ती उत्तर देतात. तेव्हा ज्यांना उत्तर देता येत नाही त्यांनाच विचारावं.

त्यानुसार जन्मनोंदणीच्या अर्जात दोन रकाने वाढले. रकाना अकरा: ईश्वरश्रद्धा, आहे/नाही. रकाना बारा: सदसद्विवेकबुद्धी, आहे/नाही. (वजनाचा रकाना आधीपासून होता. तो बाळाच्या वजनाचा.) मुदत जन्माच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत. सही नोंदणी कारकुनाची.

मोठ्या सरकारी प्रसूतिगृहातल्या या कारकुनाला सगळे ‘तंतोतंत’ म्हणत. एकतीस वर्षांत त्याची एक नोंद चुकलेली नव्हती. जुळ्यांमध्ये चार मिनिटांचं अंतर असेल तर तो चारच लिहायचा. आयांनी कितीही गळ घातली तरी पाच नाही. घरी बायकोने वेळ विचारली तर सेकंदासकट सांगायचा. शेवटी तिने भिंतीवर घड्याळ लावून घेतलं, निदान ते तोंड वर करून सांगत नाही.

नवे रकाने आले तेव्हा बाकीच्या कारकुनांनी कपाळाला हात लावला. तंतोतंतला मात्र मनापासून आनंद झाला. आजवर तो बाळांची फक्त बाहेरची बाजू नोंदवत होता.

तपासणीची पद्धत परिपत्रकात स्वच्छ दिली होती. बाळाने सलग तीन सेकंद वर बघितलं तर श्रद्धा ‘आहे’. पहिल्या आठवड्यात सत्त्याण्णव टक्के बाळं श्रद्धाळू निघाली. (उरलेली तीन टक्के कुशीवर झोपली होती.) मात्र एक बाळ वर बघतंय ते देवाकडे की पंख्याकडे, अशी शंका तंतोतंतला आली. त्याने वरून मार्गदर्शन मागवलं. उत्तर आलं, ‘पंखा बंद करून पाहावे.’ पंखा बंद केल्यावर आख्ख्या वॉर्डात श्रद्धा झपाट्याने घसरली. बाळंतिणींची तर साफच गेली.

विवेकबुद्धीची परीक्षा याहून सोपी होती. शेजारचं बाळ रडल्यावर अर्ध्या मिनिटात जे बाळ रडेल, त्याला विवेकबुद्धी ‘आहे’. दुसऱ्याच्या दुःखाने डोळ्यांत पाणी आलं, आणखी काय पाहिजे? एक बाळ रडलं की बावीस बाळांचा विवेक एकदम जागा होई. अडचण एवढीच, की जे पहिलं रडलं ते स्वतःच्या पोटासाठी रडलं, म्हणून नियमाप्रमाणे त्याला ‘नाही’. अशा एका बाळाच्या मामांनी लेखी हरकत घेतली, की आमच्या भाच्याने सुरुवात केली म्हणूनच बाकीच्यांना संधी मिळाली, सबब त्याला समाजसेवेचं श्रेय मिळावं.

पुढे नातेवाईक तयार झाले. आपल्या बाळाला पाझर फुटावा म्हणून शेजारच्या पाळण्यातल्या बाळाला हळूच चिमटा काढायचा. मोठ्या सिस्टरांनी एका आजींना रंगेहाथ पकडलं, तेव्हा आजी शांतपणे म्हणाल्या, “अहो, नातवाच्या चारित्र्याचा प्रश्न आहे.” त्यावर पलीकडच्या आजी खवळल्या नाहीत. त्यांनी फक्त पाळण्यांचा क्रम बदलून मागितला.

एवढी चढाओढ उगाच नव्हती. चांगल्या शाळा आता दाखला बघूनच प्रवेश देत होत्या. ‘आहे-आहे’वाल्यांना पुढचा बाक. ‘नाही’वाल्यांना दाराशी, त्यांच्या दप्तरांवर नजर राहील असा.

अशात तंतोतंतची मुलगी तिथेच बाळंत झाली. मुलगी झाली. दोन किलो नऊशे ग्रॅम, दहा वाजून सतरा मिनिटं. आजोबांनी आधी नोंद केली, मग डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी तो तपासणीला आला. नात भिंतीकडे तोंड करून झोपली होती. त्याने तिला अलगद उताणं केलं, तिने डोळे मिटलेलेच ठेवले. तेवढ्यात शेजारचं बाळ रडलं, मग पलीकडचं, मग बावीसच्या बावीस. खिडकीच्या काचा थरथरल्या. नातीने जांभई दिली, मूठ तोंडात घातली आणि पुन्हा कुशीवर वळली.

तंतोतंतने तीनदा तपासणी केली. तिन्ही वेळा तेच. विहीणबाई पाळण्याशी उभ्या होत्या. आमच्या घराण्यात असं कुणी नाही, एवढंच त्या बोलल्या आणि शालीच्या घड्या घालू लागल्या.

“बाबा, ती फक्त झोपलीय,” मुलगी म्हणाली.

“झोप हा पर्याय अर्जात नाही, बाळा.”

“मग काय लिहिणार?”

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, की काका, मुदत तीन वाजता संपते; आणि तोंड फिरवून उगाचच औषधाच्या बाटल्या मोजू लागल्या.

तंतोतंत टेबलाशी जाऊन बसला. अर्ज समोर. एकतीस वर्षांत जे पेन कधी अडखळलं नाही ते कागदाच्या वर एक बोट थांबून राहिलं. शाळेत दाराशेजारच्या बाकावर बसलेली एवढीशी पोर त्याला दिसली. तीनला दोन मिनिटं कमी असताना त्याने लिहिलं: आहे. आणि खाली: आहे.

सही करून तो उठला, तसे कान तापले. डाव्या बाजूला काहीतरी कुरतडतंय असं वाटायला लागलं. जिना चढताना तोंडून “देवा, सांभाळून घे रे” असंही निघून गेलं, जे त्याच्या तोंडून उभ्या जन्मात निघालं नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या हृदयाच्या डॉक्टरांनी छातीला तारा लावून पट्टी काढली. हृदय घोड्यासारखं होतं.

“आधी कधी असं झालं होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“कधीच नाही.”

“आज काही वेगळं केलंत?”

तंतोतंतने खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला. याला मन खाणं म्हणतात, ते म्हणाले, आणि यावर गोळी नाही.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. तंतोतंतने अहवाल लिहिला. ‘अर्जदारात ईश्वरश्रद्धा व सदसद्विवेकबुद्धी या दोन्ही बाबी आज दुपारी तीनच्या सुमारास, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, एकदम उत्पन्न झाल्या. कारण: खोटी नोंद. तत्पूर्वी अर्जदार प्रामाणिक असल्याने सदर बाबींची गरज पडली नव्हती. योग्य त्या कारवाईसाठी सविनय सादर.’

नोंदणी कार्यालयाच्या साहेबांनी तो दोनदा वाचला. उठून दार लावलं.

“नक्की कुठे दुखतं?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“डावीकडे, साहेब. बरगडीखाली.”

साहेबांनी स्वतःची बरगडी चाचपली. थोडी वर, थोडी खाली. मग उजवीकडेही बघितलं. कुठेच काही दुखलं नाही. अखेर अहवाल खणात टाकून त्यांनी खणाला कुलूप लावलं आणि म्हणाले, की हे वर पाठवलं तर वरच्यांनाही बरगड्या चाचपाव्या लागतील. कारवाई झाली नाही. तंतोतंतचं दुखणंही गेलं नाही. नातीला मांडीवर घेतलं की थोडं कमी होतं, एवढंच. ती आता छान रडते, स्वतःच्याच पोटासाठी.

समितीचा निष्कर्ष यथावकाश प्रसिद्ध झाला: शंभर टक्के बालकं श्रद्धा आणि विवेक घेऊनच जन्माला येतात. (शंभर टक्के कसे, हे कुणी विचारलं नाही. सगळेच कुणाचे ना कुणाचे आजोबा होते.) मोठेपणी हा साठा नेमका कुठे जातो, हे शोधायला दुसरी समिती नेमली आहे. गाडी तीच.

या समितीला आपलीही थोडी मदत हवी आहे. तंतोतंतचं पेन कागदावर थांबलं होतं तेव्हा आपण मनात म्हणालात, “लिही की बाबा ‘आहे’, कुणाचं काय जातंय?” म्हणालात, नाही म्हणू नका. तर तसं म्हणताना डाव्या बरगडीखाली काही जाणवलं का, ते नीट आठवून कळवावं. जाणवलं नसेल तर घाबरण्याचं कारण नाही. साहेबांची प्रकृतीही उत्तम आहे.