आचारीबुवांची मूठ

"आठ टेबलं? अगं, आठ टेबलांचा स्वयंपाक मी झोपेत करीन!"

हे वाक्य आचारीबुवांनी निघण्याआधी कोणाकोणाला ऐकवलं नव्हतं? कॅन्टीनच्या भांडीवालीला ऐकवलं, कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला ऐकवलं, दात काढताना डेंटिस्टला ऐकवलं. विमानात शेजारच्या अनोळखी बाईंनाही ऐकवलं. त्या बाईंना भाषा कळत नव्हती. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं, तेव्हा त्या भारावून गेल्या असाव्यात असं बुवा धरून चालले.

आता, बुवांचा तोरा अगदीच पोकळ होता असं नाही हं! कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी उभी हयात काढली होती. भोंगा झाला की सहाशे माणसं ताटं घेऊन रांगेत उभी राहायची आणि शेवटच्या माणसालाही गरम जेवण मिळायचं. बुवांच्या हाताखालची पातेली एवढी मोठी, की ती घासायला माणसाला आत उतरावं लागायचं. ढवळायला ते जो झारा वापरायचे तो नावाड्याने पाहिला असता तर वल्हं म्हणून उचलून नेला असता. आणि एवढा सगळा स्वयंपाक बुवा करायचे तो मुठीच्या अंदाजाने. मीठ चार मुठी, तिखट दोन मुठी, की विषय संपला. चाखणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. "चाखतो तो शिकाऊ," ते म्हणायचे, "खऱ्या आचाऱ्याला वासावरून कळतं."

फक्त एक गोष्ट कधी कोणाच्या लक्षात आली नव्हती. घरी बुवांनी साधं पाणीसुद्धा उकळलं नव्हतं. दिवसभर सहाशे जणांचं रांधून आलेला माणूस घरी कशाला चुलीपाशी जाईल? घरचा स्वयंपाक बायको करायची. सहाशेपेक्षा कमी माणसांसाठी बुवांना स्वयंपाक येतो का, हा प्रश्न त्यामुळे कधी उभाच राहिला नाही. तो उभा राहिला तो थेट परदेशात!

परदेशी राहणाऱ्या मेव्हण्याने कळवलं, की एका गल्लीत हॉटेलाची तयार जागा रिकामी आहे. बस्स! बुवांनी नोकरी सोडली. कन्येने कॉलेजचं वर्ष सोडलं. बुवांच्या म्हाताऱ्या आईने आपली लाडकी खुर्ची शेजारी देऊन टाकली. आणि बायकोने आपलं शिवणाचं दुकान बंद केलं. दोन मशीन, कापायचं टेबल, नावाची पाटी, सगळं धाकट्या बहिणीकडे पोचवून आली.

"अहो, तुमचं नक्की आहे ना?" तिने एकदाच विचारलं होतं.

"नक्की म्हणजे! तू फक्त गल्ल्यावर बसायचं. राणीसारखं!"

तिने निघताना कातरी तेवढी पर्समध्ये टाकली होती, ती विमानतळावर काढून घेतली. तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

चौघं बॅगा घेऊन त्या गल्लीत दाखल झाली. जागा छान होती. पुढे आठ टेबलं, मध्ये स्वयंपाकघर, मागे एक खोली, तिच्यात चार गाद्या आणि बॅगांचा डोंगर. वरच्या मजल्यावर घरमालकीण राहायची. चण काडीसारखी, पण नजर अशी, की बुवांनी तिच्यासमोर शर्टाचं वरचं बटण लावलं. तिला आपली भाषा येत नव्हती आणि बुवांना तिची. मध्ये दुभाषी म्हणून कन्या, तिने कॉलेजात ती भाषा घेतली होती.

"त्या म्हणतात," कन्येने सांगितलं, "याआधी इथे दोघांनी हॉटेल काढलं. एकाचं अन्न बेचव होतं, दुसऱ्याचं रोज करपायचं, आणि तो वास वर त्यांच्या अंथरुणात शिरायचा. म्हणून मागच्या खोलीत राहा, पण हॉटेलाची किल्ली लगेच मिळणार नाही. रविवारी दुपारी त्या दोन बहिणींना घेऊन जेवायला येतील. आवडलं तर किल्ली. नाहीतर सामान उचलायचं."

"तिघी? फक्त तिघी?" बुवा खो खो हसले. "तिला सांग, सहाशे माणसांना खाऊ घालणारा हा हात आहे! कारखान्याचे मोठे साहेब बोटं चाटत जायचे! तिघींचा स्वयंपाक म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ आहे, म्हणावं!"

कन्या मालकिणीकडे वळून दोनच शब्द बोलली.

"एवढंच? मी बरंच बोललो होतो."

"मी सांगितलं, बाबा प्रयत्न करतील."

शनिवारी बायको हळूच म्हणाली, "अहो, उद्याचं मी करू का? मला चारपाच जणांच्या स्वयंपाकाची सवय आहे."

"छे! तुझं ते घरगुती. इथे हॉटेलचा हात पाहिजे."

"बरं," बायको म्हणाली.

हे 'बरं' संसारी वाचकांना वेगळं समजावून सांगायला नको. कन्येने ते ऐकलं आणि ती मुकाट्याने खोलीबाहेर गेली.

रविवार उजाडला. बुवांनी अॅप्रन बांधला, बाह्या सरसावल्या आणि ओट्यावरच्या छोट्या पातेल्याकडे पाहिलं.

"हे काय? ह्यात स्वयंपाक करायचा की डोळ्यांत औषध घालायचं?"

पण डाळ शिजायला पडली. मिठाची वेळ आली. तीन माणसांना मूठभर मीठ चालत नाही एवढं बुवांनाही कळत होतं, म्हणून त्यांनी चिमूट घेतली. आता बुवांची चिमूट म्हणजे तुमची-आमची ओंजळच! पडलं मीठ. चाखायचं तर नाहीच. त्यांनी वास घेतला, पण एवढ्याशा पातेल्याचा वास काही नाकापर्यंत पोचेना.

"आई, जरा बघ गं."

म्हातारीने चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

"अरे, समुद्र आटवून आणलास का?"

"असं होय? थांब!" बुवांनी पाणी ओतलं. डाळ पातळ झाली. म्हणून डाळ वाढवली. डाळ वाढली तशी ती पातेल्याबाहेर येऊ लागली, म्हणून मोठं पातेलं घेतलं. आता ती सपक झाली, म्हणून तिखट घातलं. एक चिमूट!

"आई?"

म्हातारीला ठसका लागला. तिला पाणी दिलं, पाठ चोळली. उरलेलं पाणी बुवांनी डाळीत ओतलं.

मग काय विचारता! तिखटाला मारायला बटाटे, बटाट्यांना पुरावं म्हणून मीठ, मिठाला मारायला पाणी, पाण्याला दाट करायला पुन्हा डाळ. उद्घाटनासाठी आणलेलं डाळीचं पहिलं पोतं संपलं. दुसरं उघडलं. तिन्ही पातेली भरली. तेव्हा बुवांनी कपडे धुवायला आणलेले दोन नवेकोरे टब शेगड्यांवर चढवले. अॅल्युमिनियमचे होते ते नशीब! शेजारी भाताचीही तीच कथा चालली होती, फक्त आवाज वेगळा.

"अहो, तिघी येणारेत!" बायको दारातून म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस! आता लागत आलंय!"

बायकोने कपाळाला हात लावला. सासूबाईंना दुपारी वेळेवर काहीतरी पोटात गेलं नाही तर चक्कर येते. तिने ओट्याच्या कोपऱ्यात जरा जागा केली, कढईत मऊ भात, साधी डाळ आणि चार बटाटे एकत्र शिजवले, वरून लसणाची फोडणी दिली आणि कढई खिडकीत झाकून ठेवली. सगळं मिळून किती वेळ लागला असेल? बुवांचं एक पोतं रिकामं होईपर्यंत!

आणि मग तो चमत्कार झाला. टबाच्या कडेपर्यंत डाळ आली, बुवांनी सवयीने मूठ भरून मीठ टाकलं, आणि वास आला. ओळखीचा, भरगच्च वास! बुवांचे खांदे सैल झाले, हात आपोआप फिरू लागला.

"आई, बघ!"

म्हातारीने या वेळी आधी देवाचं नाव घेतलं. मग चाखलं. "अरे वा! आता कसं झकास झालंय!"

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. मालकीण वेळेआधी हजर, मागे दोन बहिणी, तितक्याच काटकुळ्या. बुवांची धांदल उडाली. स्वयंपाकघरात वाफ एवढी, की स्वतःचा हात दिसेना.

"वाढ गं, वाढ!" ते कन्येवर ओरडले. "चांगल्या भांड्यातलं वाढ!"

कन्येने चहूकडे पाहिलं. डावीकडे टब, उजवीकडे टब. चांगलं म्हणावं असं एकच भांडं होतं, खिडकीत झाकून ठेवलेलं. बाबांनी पाहुण्यांसाठी वेगळं काढून ठेवलंय, किती व्यवस्थित! तिने कढई उचलली आणि नेली.

बुवा दाराच्या फटीतून बघत होते. मालकिणीने पहिला घास घेतला. मग दुसरा घेतला. एका बहिणीने पुन्हा वाढून घेतलं. तिसरीने ताट पुसून घेतलं. शेवटी मालकिणीने पदार्थाचं नावसुद्धा न विचारता किल्ली टेबलावर ठेवली.

"त्या म्हणतात," कन्या आनंदाने ओरडली, "त्यांना वरती अंथरुणात असाच वास यायला हवा!"

बुवा छाती काढून बाहेर आले. किल्ली उचलून मुठीत धरली. "तिला सांग, हे तर काहीच नाही! हा हात—"

"सूनबाई!" मागच्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला. "अगं, माझं जेवण कुठं गेलं?"

"खिडकीत झाकून ठेवलंय, आई," म्हणत बायको बाहेर आली आणि थांबली. टेबलावर तिची कढई होती, रिकामी.

कन्येने जीभ चावली. बुवांनी कढईकडे पाहिलं, मग मुठीतल्या किल्लीकडे.

मालकिणीने काहीतरी विचारलं. "त्या विचारतायत, आजी काय म्हणाल्या?" कन्या हळू आवाजात म्हणाली. "काय सांगू, बाबा?"

खरं सांगायचं तर सोपं होतं. मालकिणीला भाषा येत नव्हती. 'आजी नमस्कार म्हणतात' असं सांगितलं असतं तरी चाललं असतं, आणि बुवांच्या ओठांवर ते आलंही होतं! पण बायको किल्लीकडे बघतच नव्हती. ती कढईत उरलेल्या चार शितांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. परदेशात पाय ठेवल्यापासूनचं पहिलं. बुवांना शनिवारचं 'घरगुती' आठवलं आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"सांग तिला," ते म्हणाले. "हे माझ्या बायकोने केलंय. मी नाही."

या वेळी कन्येने भाषांतर पूर्ण केलं. बरंच लांबलं ते, बहुधा तिने पदरचंही घातलं असावं. मालकिणीने उठून बुवांच्या मुठीतून किल्ली काढून घेतली. संपलं सगळं, असं बुवांना वाटलं. तिने ती बायकोच्या हातात ठेवली.

"त्या विचारतायत," कन्या म्हणाली, "मग सकाळपासून तुम्ही काय करत होता?"

उत्तराची वाट न बघता मालकीण आत गेली. दोन टब, तीन पातेली, भाताच्या चार बादल्या. "हे कोणासाठी?"

"तुमच्यासाठी," बुवा खाली मान घालून म्हणाले.

हे अन्न टाकून द्यायचं? बुवा रिकाम्या पोत्यावर बसले. तेवढ्यात, तुम्हाला खोटं वाटेल, पण रस्त्यापलीकडच्या बसडेपोत जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला! बुवा ताडकन उठले. हात आपोआप टबाच्या कडीकडे गेले. पुढचं सगळं सवयीने झालं. मालकिणीने डेपोचं फाटक उघडायला लावलं, बहिणींनी बादल्या धरल्या, आणि थोड्याच वेळात बुवा डाव घेऊन उभे होते, समोर ड्रायव्हर-कंडक्टरांची रांग. रांग वाकून पार फाटकापर्यंत गेली होती. शेवटच्या माणसालाही गरम जेवण मिळालं.

डेपोच्या मॅनेजरने टबाच्या तळाशी पाव फिरवला आणि कन्येला काहीतरी सांगितलं.

"बाबा, त्यांचा आचारी सोडून गेलाय. उद्यापासून येता का, म्हणतात."

"किती माणसं?"

"सहाशेच्या आसपास."

बुवांनी फडक्याने तोंड पुसलं. "सांग त्यांना," ते कसेबसे म्हणाले, "झोपेत करीन."

अशा रीतीने घरदार उठवून, समुद्र ओलांडून आचारीबुवा पुन्हा कॅन्टीनमध्ये रुजू झाले. हॉटेल बायकोच्या नावाने जोरात चालतं. कन्येने पुन्हा कॉलेज धरलंय, आणि आजी गल्ल्यावर बसतात. राणीसारख्या! जुन्या कारखान्यातून कधी फोन आला तर बुवा ऐटीत सांगतात, "हॉटेल मस्त चाललंय! मी आपला वरवर बघतो."

संध्याकाळी ते खांद्यावर फडकं टाकून आठ टेबलं पुसत असतात. परवा एका गिऱ्हाईकाने ताटाकडे बोट दाखवून जरासं मीठ मागितलं. बुवांनी मोठ्या उत्साहाने बरणीत हात घातला.

"अहो!!" स्वयंपाकघरातून बायको ओरडली. "बरणी खाली ठेवा!"

बुवांनी बरणी खाली ठेवली. मग गिऱ्हाईकाकडे बघून कसनुसं हसले आणि म्हणाले, "आई, ह्यांना जरा मीठ दे गं."